दोन सूत

यल्लप्पा मिस्त्रीने विचारलं,
आधी भिंत की आधी कोबा?

टिळकनगर, चौथा मजला.
जुन्या लाद्या निघालेल्या, स्लॅब उघडी,
खिडकीशी रेतीच्या बावीस गोण्या
आणि आम्ही दोघं, चपला न काढता आत आलेलो.

त्याला वाटलं, आम्हाला कळलं नाही.
थापीने जमिनीवर रेघ ओढत म्हणाला:
भिंत आधी केली तर तिचे पाय थेट स्लॅबवर.
मग इकडचा कोबा इकडे, तिकडचा तिकडे.
इकडे तडा गेला तर तिकडे जात नाही.
आवाजसुद्धा कमी.
पण उद्या काढायची म्हटली
तर मधे चार बोटांचा चर राहतो,
कितीही भरा, दिसतोच.

कोबा आधी घातला
तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अंग.
वर चॅनल बसवायचे, स्क्रू मारायचे, बोर्ड लावायचे.
नको झाली की खोला,
भोकं बुजवा, झालं.

मुलांची खोली काढताय का?

उन्मेष म्हणाला, हो.
मीही मान हलवली.
मूल नाही आम्हाला.
कितीतरी महिन्यांनी एका गोष्टीवर एकमत.

वकीलबाईंनी सगळं सोपं करून दिलंय:
हप्ता अर्धा, मेन्टेनन्स अर्धा,
स्वयंपाकघर सकाळी त्याला, संध्याकाळी मला,
कर्ज फिटेपर्यंत.
कोब्याचं कलम नाही.

उन्मेष म्हणाला, आधी भिंत. आवाज नको.
मी म्हटलं, आधी कोबा,
जिप्समचा पाय ओला होईल, पाणी पिऊन फुगेल.
हे मी परवाच मन्सूर सुताराकडून ऐकलं होतं
आणि ते खरं होतं.
तेवढंच कारण होतं का, मला विचारू नका.

शेवटी ठरवलं नागदेवीच्या टेम्पोने.
चॅनल आलेच नाहीत.
सामानाला लिफ्ट फक्त अकरा ते चार,
चार माणसांची रोजी चालू.
यल्लप्पाने मालात पाणी ओतलं.

लेव्हलच्या नळीला दोन टोकांना दोन पोरं उभी,
पाणी दोघांच्या हातात एकाच उंचीवर थांबेपर्यंत
कुणी हलायचं नाही.
मग गुरमाळा फिरला, उलट्या पावलांनी दारापर्यंत,
आणि आदल्या दिवशी मारलेली निळी दोरी
मालाखाली गेली.

सात दिवस पाणी.
सम तारखेला तो, विषम तारखेला मी.
एकतीस आणि एक दोन्ही विषम,
हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.
एक तारखेला बादली घेऊन दार उघडलं
तर कोब्यावर घोटा बुडेल न बुडेल इतकं पाणी,
त्यात समोरच्या विंगचे दिवे.
तारीख चुकली असेल त्याची.

मग चॅनल आले. खूण पुन्हा करायची होती.
मन्सूरचा पोरगा तापाने पडलेला,
म्हणून टेपचं एक टोक त्याने उन्मेषला दिलं,
दुसरं मला,
आणि कानावरची पेन्सिल काढली.
ताणून धरा. झोळ नको.

धरलं.

किती? उन्मेषने विचारलं.
नऊ फूट चार इंच, दोन सूत.
नक्की?
येऊन बघ म्हणणार होते,
पण त्याने टोक सोडलं असतं
तर सगळी टेप सरसरत माझ्या हातात आली असती.

मन्सूरने ओणवं होऊन पाहिलं,
पेन्सिल टेकवली, उचलली.
परत एकदा, म्हणाला.
कुणीतरी हललंय.